शेवटची प्रत सर्व्हरच्या हाती देऊ नका

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शिरोली एमआयडीसीत तुमची फौंड्री आणि मशीन शॉप आहे. ३५ कॉम्प्युटर आणि दोन सर्व्हर. एकावर टॅली आणि ईआरपी (कारखान्याचं सगळं कामकाज सांभाळणारं सॉफ्टवेअर), दुसऱ्यावर ड्रॉइंग, सीएनसी प्रोग्राम, पॅटर्नचे फोटो आणि हीट नंबरवार टेस्ट सर्टिफिकेट, मिळून साधारण २ टीबी. रोज रात्री ११ वाजता सर्व्हरला लावलेल्या एक्सटर्नल हार्डडिस्कवर बॅकअप जातो. शेजारच्या कारखान्यातल्या फायली रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, लॉक झाल्याचं कळल्यावर मालकांनी फायरवॉल (नेटवर्कमधली ये-जा नियमांनी अडवणारी पेटी) आणि अँटिव्हायरसचं कोटेशन मागवलं, ते चार लाखांच्या घरात गेलं. आता तुम्ही विचारताय, एवढं घेतलं की डेटा सुरक्षित झाला का?

नाही झाला. फायरवॉल घ्या, पण तो पुढचा खर्च. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा: तुमच्या सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड आज रात्री चोराच्या हाती पडला, तर त्याला तुमच्या सगळ्या बॅकअप प्रती पुसता येतील का? तुम्ही लिहिलंय त्यावरून उत्तर 'हो' आहे. ती हार्डडिस्क चोवीस तास सर्व्हरलाच लटकलेली असते. सर्व्हरला ती दिसते, म्हणजे सर्व्हरवर बसलेल्या चोरालाही दिसते. मी कोल्हापुरात २२ वर्षं हेच काम करतोय, आणि ज्या ज्या ठिकाणी लोक खरोखर बुडाले, त्यातल्या बहुतेक ठिकाणी बॅकअप रोज होत होता. फक्त तो सर्व्हरच्या हाताखाली होता.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळे धडे एकत्र आहेत. एक मध्यम इंजिनिअरिंग फर्म. ऑफिस शाहूपुरीत, कारखाना उद्यमनगरात. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि अकाउंटंटबाईंना घरून टॅली चालवता यावं म्हणून कुणीतरी घाईघाईत राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट, म्हणजे दुरून सर्व्हर चालवायचं दार, उघडून दिलं. त्या वेळी ते सगळीकडेच झालं, कुणाला दोष देत नाही. पण ते पोर्ट नंतर कुणी बंद केलं नाही. सर्व्हरच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड होता फर्मचं नाव आणि पुढे १२३. इंटरनेटवर अशी उघडी पोर्टं शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. तुमची फर्म केवढी, कुठली, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. दार सापडलं की ते हजारो पासवर्ड लावून बघतात.

जुलैत एका सकाळी मशीन शॉपमधून फोन आला, "ड्रॉइंग उघडत नाही, नुसतं पांढरं पान येतंय." मी पोचलो तेव्हा ऑफिसात पाच-सहा माणसं स्क्रीनभोवती गोळा झालेली. प्रत्येक फाइलच्या नावापुढे कधी न पाहिलेली अक्षरं चिकटलेली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी, बिटकॉइनमध्ये पैसे भरा म्हणून. माझं लक्ष सर्व्हरच्या शेजारी गेलं. बॅकअपच्या हार्डडिस्कचा निळा दिवा लुकलुकत होता. सकाळी साडेनऊला बॅकअप चालू नसतो. त्या क्षणी त्या डिस्कवरच्या फायली लॉक होत होत्या, आमच्या डोळ्यांसमोर. मी वायर उपटली, पण तोवर बहुतेक सगळं गेलं होतं. विंडोजमध्ये मागच्या प्रती ठेवायची सोय असते, शॅडो कॉपी म्हणतात तिला. त्या तर एका ओळीच्या आज्ञेने आधीच पुसलेल्या होत्या. नंतर नोंदी तपासल्या तेव्हा कळलं की चोर तीन दिवस आधीच आत आला होता. त्याने आधी अँटिव्हायरस बंद केला, मग बॅकअप कुठे जातो ते पाहिलं, आणि शेवटी घाव घातला. घरात शिरलेला चोर आधी फोनची वायर कापतो, तसंच हे.

ती फर्म वाचली कशाने, ते ऐका. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत चढायला लागलं, तेव्हा त्याच अकाउंटंटबाईंनी सगळा डेटा एका डिस्कवर उतरवून घेतला होता आणि ती डिस्क गडहिंग्लजला भावाकडे ठेवली होती. पूर ओसरला, साफसफाईच्या गडबडीत ती डिस्क परत आणायची राहून गेली. अकरा महिने ती कपाटात साड्यांच्या खाली पडून होती. त्या डिस्कवरून ऑगस्ट २०१९ पर्यंतचं सगळं जसंच्या तसं मिळालं. पुढचे अकरा महिने मात्र पुन्हा उभे करावे लागले: जीएसटी पोर्टलवरची भरलेली विवरणपत्रं, ई-वे बिलं, बँक स्टेटमेंट, कागदी चलनांच्या फायली, आणि ग्राहकांना हात जोडून ईमेलवर परत मागवलेली ड्रॉइंग. दोन माणसांना अडीच महिने लागले. त्या बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "मी विसरले म्हणून वाचलो." मला ते वाक्य फार लागलं. एवढ्या मोठ्या फर्मचं नशीब एका विसरण्यावर टांगलेलं असू नये.

आणि हे फक्त लहान फर्मचं होतं असं नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात मर्स्क ही जहाज कंपनी जगभर आडवी झाली. तुमच्या निर्यातीच्या कास्टिंगचे कंटेनर मुंबईजवळच्या ज्या जेएनपीटी बंदरातून जातात, तिथलं त्यांच्या गटाचं टर्मिनलही तेव्हा ठप्प झालं होतं. मर्स्कच्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे आणि कुणाला कसला हक्क, याची नोंद ज्या सर्व्हरांवर ठेवलेली असते, ते सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते, आणि सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एकाच वेळी गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. लोडशेडिंगने तारलं म्हणायचं. गडहिंग्लजच्या कपाटातली डिस्क आणि घानातला बंद पडलेला सर्व्हर, दोन्ही एकाच कारणाने वाचले: त्या वेळी ते कुणाला जोडलेले नव्हते.

म्हणून तुमच्याकडे काय करायचं ते आता सांगतो.

पहिली गोष्ट, बॅकअपची दिशा उलटी करा. आज तुमचा सर्व्हर डिस्कवर डेटा 'ढकलतो'. त्यासाठी सर्व्हरला डिस्कवर लिहायचा आणि पुसायचा हक्क लागतो, आणि तोच हक्क चोराला मिळतो. त्याऐवजी एक वेगळं यंत्र ठेवा, जे रात्री सर्व्हरकडून डेटा 'ओढून' घेईल. ते लहानसा नास (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) असेल किंवा लिनक्स टाकलेला एखादा बरा कॉम्प्युटर, चालेल. त्या यंत्राला सर्व्हर वाचायचा हक्क असावा, पण सर्व्हरला त्या यंत्राचा पासवर्ड माहीतच नसावा. ते डोमेनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ताब्यातल्या कॉम्प्युटरांच्या गटात, घेऊ नका, त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड सर्व्हरच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा आणि तो कुठल्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये सेव्ह करू नका, कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. त्यावर रोजचे स्नॅपशॉट चालू करा. स्नॅपशॉट म्हणजे त्या दिवशीची स्थिती गोठवून ठेवणं. सर्व्हरवरच्या फायली लॉक झाल्या आणि त्या लॉक झालेल्याच फायली नासने रात्री ओढून घेतल्या, तरी कालची, परवाची, महिन्यापूर्वीची स्थिती तशीच राहते. निदान ३० दिवस ठेवा. चोर आत येऊन किती दिवस गप्प बसला होता ते आपल्याला आधी कळत नाही.

नास घेतला तर एक पथ्य पाळाच. घरून बघता यावं म्हणून तो थेट इंटरनेटवर उघडू नका. जानेवारी २०२२ पासून डेडबोल्ट नावाच्या हल्ल्याने जगभरचे क्यूनॅप कंपनीचे नास लॉक केले. जे थेट इंटरनेटला उघडे होते तेच त्यात सापडले.

दुसरी गोष्ट, सुट्या डिस्क. तीन घ्या, त्यांवर मोठ्या अक्षरात अ, ब, क लिहा. आठवड्यातून एकदा एक डिस्क नासला लावायची, कॉपी झाली की काढायची आणि बाहेर न्यायची. एक कारखान्यात तिजोरीत, एक बाहेर, एक फिरती. माझ्या एका जुन्या ग्राहकाकडे यासाठी साधी रजिस्टर वही आहे. तारीख, कुठली डिस्क, किती जीबी, कुठली फाइल उघडून पाहिली, सही. डिस्क झिपच्या पिशवीत, सोबत ओलावा शोषणारी पुडी. पावसाळ्यात आपल्याकडची हवा माहीत आहे तुम्हाला. डिस्कवर एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं कुलूप, लावून घ्या, नाहीतर स्कूटीच्या डिकीतून पडलेली डिस्क म्हणजे तुमच्या सगळ्या ग्राहकांची ड्रॉइंग रस्त्यावर. आणि एन्क्रिप्शनची की छापून दोन ठिकाणी ठेवा. की हरवून स्वतःच्याच डेटाला मुकलेले लोकही मी पाहिलेत.

'बाहेर' म्हणजे कुठे, हा प्रश्न कोल्हापुरात जरा वेगळा आहे. तुम्ही म्हणाल, मालकांच्या ताराबाई पार्कातल्या घरी ठेवू. पण २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या दोन वर्षांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शहरात ठेवलेली डिस्क तुम्हाला कारखान्यात नेमकी त्याच आठवड्यात आणता येणार नाही. म्हणून नदीच्या तुमच्या बाजूला, हातकणंगले किंवा पेठ वडगावकडे कुणी विश्वासाचं असेल तर तिथे ठेवा. आणि डिस्क कुठेही ठेवा, कधी तळमजल्यावर ठेवू नका. सर्व्हरसुद्धा.

तिसरी प्रत क्लाउडवर. इथे सगळ्यात मोठी गफलत होते. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये फोल्डर सिंक केलं म्हणजे बॅकअप झाला असं लोक समजतात. सिंक म्हणजे आरसा. इकडे फाइल लॉक झाली की तिकडेही लॉक झालेलीच चढते, इकडे पुसली की तिकडेही पुसते. मागच्या आवृत्त्या मर्यादित काळ मिळतात, पण त्यावर बॅकअप म्हणून विसंबू नका. बॅकअपसाठी क्लाउडची अशी जागा घ्या जिथे ऑब्जेक्ट लॉक ही सोय आहे. त्यात तुम्ही ठरवलेली मुदत, समजा ४५ दिवस, संपेपर्यंत फाइल कुणालाच पुसता येत नाही. लॉक कडक प्रकारचा लावला तर खातं ज्याच्या नावावर आहे त्यालाही नाही. हीच ती प्रत, जी सर्व्हरच्या हातात नाही. सगळे २ टीबी तिथे पाठवायची गरज नाही. टॅली, ईआरपीचा डेटाबेस, चालू ड्रॉइंग आणि टेस्ट सर्टिफिकेट पाठवा. जुन्या पॅटर्नचे फोटो डिस्कवर पुरेत. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या पुस्तकांची प्रत रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं ऑगस्ट २०२२ पासून कंपनी कायद्याच्या नियमांनीच सक्तीचं आहे, तेव्हा क्लाउड घेताना जागा मुंबई किंवा भारतातलीच निवडा. पुस्तकं आठ वर्षं जपायची असतात हेही तुमच्या सीएंनी सांगितलं असेल.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडीने लावल्यात, म्हणजे रेड आहे, म्हणून निर्धास्त असाल तर तसं राहू नका. एक डिस्क जळाली तर काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. फाइल लॉक झाली तर ती दोन्हींवर एकाच क्षणी लॉक होते.

आता ज्या भागावर सगळ्यात कमी लोक वेळ घालतात तिथे येतो, आणि तुम्ही मात्र तिथेच सगळ्यात जास्त वेळ घालावा अशी माझी कळकळीची विनंती आहे: रिस्टोअर करून बघणं, म्हणजे बॅकअपमधून डेटा खरंच परत आणून बघणं. 'बॅकअप सक्सेसफुल' असा मेल आला याचा अर्थ प्रोग्राम न अडता संपला, एवढाच. इचलकरंजीतल्या एका यंत्रमागवाल्याकडे अकरा महिने असा मेल येत होता. मधे कधीतरी सर्व्हरला नवीन डिस्क लावली, डी ड्राइव्हचा ई झाला, आणि बॅकअप रोज एका रिकाम्या फोल्डरची इमानेइतबारे कॉपी करत राहिला. दुसरीकडे ईआरपीचा डेटाबेस चालू असताना नुसती फाइल कॉपी करायची पद्धत होती. चालू डेटाबेसची फाइल लॉक असते, कॉपी होत नाही. अहवालात रोज लिहून यायचं, '१ फाइल वगळली'. चार लाख फायलींतली एकच, म्हणून कुणी बघितलं नाही. ती एकच फाइल म्हणजे सगळा ईआरपी होता. डेटाबेसचा बॅकअप डेटाबेसच्या स्वतःच्या आज्ञेने घ्यायचा, आणि टॅलीचा सगळ्यांनी टॅली बंद केल्यावर.

मोठ्यांचंही तसंच होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या नावाजलेल्या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच निरनिराळ्या व्यवस्था होत्या, आणि वेळेला त्यातली एकही नीट चालत नाही असं निघालं. एका व्यवस्थेचे 'बिघाड झाला' असे मेल जात होते, पण ते मेलच पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी योगायोगाने हाताने घेतलेल्या प्रतीवर ते उभे राहिले. त्यांनी हे सगळं मोकळेपणाने जाहीर लिहून ठेवलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

रिस्टोअरला लागणारा वेळही मोजा. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने मिळाली असं धरलं तरी २ टीबी क्लाउडवरून खाली यायला सुमारे ४५ तास लागतात. प्रत्यक्षात जास्तच. तेच चांगल्या यूएसबी डिस्कवरून साडेपाच-सहा तासांत उतरतं. म्हणजे मोठा डेटा डिस्कवरून आणि महत्त्वाचा ताजा डेटा क्लाउडवरून, अशी जोडी आपोआप ठरते. मग मालकांना विचारा: डिस्पॅच किती तास थांबलेलं चालेल? किती दिवसांची एन्ट्री पुन्हा मारायची तयारी आहे? या दोन उत्तरांवर बॅकअप रोज एकदा घ्यायचा की चार वेळा, ते ठरतं.

दार बंद करण्याबद्दल आता. राउटरवर कुठली पोर्टं उघडी आहेत ते बघा, रिमोट डेस्कटॉपचं असेल तर आजच बंद करा. बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त खासगी वाटेने, आणि मोबाइलवर येणाऱ्या दुसऱ्या कोडशिवाय नाही. एनीडेस्कसारखे दुरून कॉम्प्युटर चालवायचे प्रोग्राम सर्व्हरवर कायम चालू ठेवू नका. ईआरपीवाला किंवा टॅलीवाला म्हणेल तेव्हा चालू करायचे, काम झालं की बंद. पासवर्ड लांब ठेवा. चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिले, वांगी-खिडकी-बोगदा-मंगळवार असे काही, की लक्षातही राहतात आणि सहजासहजी फुटतही नाहीत. सर्व्हरच्या अ‍ॅडमिन खात्यावरून मेल बघायचा नाही, ब्राउझर उघडायचा नाही. विकत न घेतलेलं, 'क्रॅक' मारलेलं सॉफ्टवेअर एकाही कॉम्प्युटरवर नको. माझ्या अनुभवात आपल्याकडे आत शिरण्याचा तो नंबर एकचा रस्ता आहे, आणि ते घालणारे बहुतेक वेळा माझ्यासारखे कॉम्प्युटर दुरुस्त करणारेच असतात हे मला लाज वाटून सांगावं लागतं.

अपडेट टाळू नका. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जग हादरलं, पण ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. दोन महिने हातात होते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ३५ पैकी किती मशीन त्यावर आहेत त्याची यादी करा. मशीन शॉपमधल्या सीएनसीच्या कंट्रोलरवर जुनं विंडोज एक्सपी असेल, ते बदलता येत नाही, कळतं मला. त्यांचं नेटवर्क वेगळं करा, त्यांना इंटरनेट देऊ नका, आणि प्रोग्राम पाठवायला एकच मधला कॉम्प्युटर ठेवा. फायरवॉलचा खरा उपयोग इथे आहे, या भिंती घालायला. म्हणून ती घ्याच, पण दोन-चार लाखांची पेटी आणून तिच्यात 'सगळ्यांना सगळं चालू' असा एकच नियम घातलेला मी तीन ठिकाणी पाहिलाय. कोटेशन देणाऱ्याला विचारा, नियम कोण लिहिणार आणि सहा महिन्यांनी ते तपासणार कोण?

बाहेरच्या पुरवठादाराकडूनही हल्ला येतो. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि यूपीआयसारखी पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला आपल्या व्यवस्थेपासून तात्पुरतं तोडलं. तिच्या सेवेवर चालणाऱ्या सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले. त्या बँकांची स्वतःची चूक काही नव्हती. आपल्या भागात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, आणि नागरी बँकांना रिझर्व्ह बँकेने २०१८-१९ मध्ये सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली तशी ती पतसंस्थांना लागू नाही. पतसंस्थेचे कुणी संचालक हे वाचत असतील तर सॉफ्टवेअरवाल्याला लेखी विचारा: आमचा डेटा कुठे आहे, त्याची आमच्या ताब्यातली प्रत कुठे, आणि तुमचा सर्व्हर गेला तर सभासदांची बाकी आम्ही कशावरून सांगायची? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले तेव्हा त्यातली काही रक्कम आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधून काढली गेली होती. हे काम लांबच्या शहरांतलं राहिलेलं नाही.

एक बाजू अजून राहिली. आता चोर नुसतं लॉक करत नाहीत, आधी डेटा उचलून नेतात आणि पैसे नाही दिले तर जाहीर करू म्हणतात. त्यावर बॅकअप काहीच करू शकत नाही. म्हणून कोणाला काय दिसतं ते आवळा. गेटवरच्या कॉम्प्युटरला ड्रॉइंगचं फोल्डर दिसायचं कारण नाही. कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स, बँक पासबुकांचे फोटो वर्षानुवर्षं एका शेअर फोल्डरमध्ये पडलेले असतात. लागत नसतील ते काढून टाका, लागतील ते कुलपात ठेवा. जो डेटा तुमच्याकडे नाही तो चोरीला जात नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तुम्हाला एवढा होईल असं नाही, पण कामगाराची माहिती ही त्याची ठेव आहे, हे कायद्याने आता मान्य केलंय.

आणि झालंच तर? लॉक झालेलं दिसताच त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, बॅकअपचं यंत्र तोडा. मशीन फॉरमॅट करू नका, पुरावा जातो. चालू असेल तर बंदही लगेच करू नका, जाणकार येईपर्यंत नुसतं अलग ठेवा. चिठ्ठीचा आणि स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायची असते, आणि सिस्टिमच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. त्या नोंदीही दुसऱ्या यंत्रावर जाऊ द्या, सर्व्हरवरच ठेवल्या तर चोर जाताना पुसून जातो. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, शिवाय राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. खंडणी देऊ नका असं मी सांगतो. किल्ली मिळेल याची हमी नसते, मिळाली तरी अर्ध्या फायली फाटलेल्या निघतात, आणि देणारा म्हणून तुमचं नाव लागतं. काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या 'नो मोअर रॅन्सम' या युरोपोलच्या सहभागातल्या प्रकल्पावर फुकट मिळतात, तिथे आधी बघा. आपल्या दारोदार फिरणाऱ्या 'डेटा रिकव्हरी'वाल्यांपासून मात्र जपा. नीट लावलेलं एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीचं कुलूप कुणालाच फोडता येत नाही. असे काही जण परस्पर चोरालाच पैसे देऊन किल्ली आणतात आणि वर स्वतःची मजुरी लावतात, हे मी जवळून पाहिलंय.

खर्चाचा क्रम म्हणाल तर: आधी राउटरची पोर्टं आणि पासवर्ड, याला पैसे लागत नाहीत. मग तीन डिस्क आणि नास. मग ऑब्जेक्ट लॉक असलेला क्लाउड. मग जुन्या विंडोजची मशीन. त्यानंतर फायरवॉल, नियम लिहून देणाऱ्या माणसासकट. चार लाखांच्या आत यातलं बहुतेक बसावं.

या शनिवारी एवढंच करा. आज जी हार्डडिस्क सर्व्हरला लावलेली आहे ती काढा, नेटवर्कवर नसलेल्या एखाद्या लॅपटॉपला लावा आणि तीन गोष्टी उघडा: गेल्या आठवड्यातली टॅलीची एन्ट्री, मागच्या वर्षीच्या कुठल्याही एका हीट नंबरचं टेस्ट सर्टिफिकेट, आणि आत्ता मशीनवर असलेल्या जॉबचं ड्रॉइंग. तीनही उघडली तर डिस्क परत सर्व्हरला न लावता तिजोरीत ठेवा आणि रोजच्या बॅकअपसाठी दुसरी आणा. एखादं जरी उघडलं नाही, तर कुठलं आणि काय मेसेज आला ते लिहून कळवा, तिथून पुढे बघू.